खालून पाहिलेला तट

आर्जिया फुल्चेरीचं गावात कुणाशीच पटत नाही, असं म्हणणारे थोडी अतिशयोक्ती करतात. कोंबड्यांशी तिचं उत्तम पटायचं. नवऱ्याशीही, म्हणजे वास्को वारल्यानंतर, पटायला लागलं होतं. रविवारी त्याच्या कबरीवर फुलं ठेवून ती त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायची आणि तो मधे बोलायचा नाही. बाकी पाद्रीबाबांपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांशी तिची कधी ना कधी जुंपलेली होती. आम्ही वोल्तेर्राचे लोक तसे मुळातच तिरसट. टेकडीवरचा वारा बारा महिने कानशिलात मारत असला की गोड बोलायची सवयच राहत नाही. पण आर्जियापुढे आम्ही सगळे मवाळ म्हणायचे.

त्या जूनमध्ये ती आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला, फोस्कोला, त्याच्या ऑलिव्हच्या बागेतून कायमचं उठवायला निघाली होती.

आर्जियाचं घर गावाच्या पश्चिम टोकाला, रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी बांधलेल्या जुन्या तटाला पाठ टेकून उभं आहे. घरामागे परसू, परसाच्या टोकाला तटाचा माथा, जेमतेम गुडघ्याइतका वर आलेला. पलीकडे वाकलं की तट सरळ खाली उतरतो आणि त्याच्या पायथ्याशी ऑलिव्हच्या झाडांची एक लांबट पट्टी आहे. बापानं, सेत्तीमिओनं, मरताना वरचं परसू मुलीला दिलं आणि खालची पट्टी मुलाला. पट्टी मालकीची नव्हती, नगरपालिकेकडून बापाच्या वेळेपासून भाडेपट्ट्यानं घेतलेली. झाडं मात्र बापानं स्वतः लावलेली. पट्ट्यात एक अट ठळक होती, की तटाला धक्का लागता कामा नये. लागला, तर पट्टी गेली.

आता तटाचं म्हणाल तर त्याच्या फटीफटींतून केपरची झुडपं लोंबतात. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या धरतात. त्या सकाळी फुलायच्या आत खुडायच्या आणि लोणच्यासारख्या खडेमिठात मुरवायच्या. तट सरकारचा, पण कळ्या कुणाच्या हे आमच्याकडे हाताच्या लांबीवर ठरतं. वरून वाकून हाताला येईल ते वरच्या घराचं, खालून शिडी लावून पोचेल ते खालच्याचं. मधलं जो आधी उठेल त्याचं, आणि त्या मधल्यावरून आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडली आहेत. आर्जिया तटाच्या माथ्यावर पालथी पडायची, वास्को तिचे घोटे धरून बसायचा, आणि ती बेचकं असलेल्या लांब काठीनं फांद्या वर ओढायची. खालून फोस्को शिडीवर. दोघं बहीणभाऊ एकमेकांना शिव्या घालत कळ्या खुडायचे आणि दुपारी एकाच टेबलावर जेवायचे.

मग एका उन्हाळ्यात आर्जियाच्या घराखालची झुडपं पिवळी पडली आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेली. फोस्को तेव्हा ऑलिव्हवर मोरचुदाचं पाणी मारत होता, पाठीवर पंप, शिडीवर उभा. आर्जियानं वरून पाहिलं आणि तिच्या डोक्यात खटला चालून निकालही लागला. मधलं आपल्याला मिळत नाही, तर कुणालाच मिळू नये, म्हणून यानं मुळांना विष घातलं. रविवारी प्रार्थना सुटल्या सुटल्या चर्चच्या पायऱ्यांवर तिनं त्याला सगळ्या गावासमोर गाठलं.

"बापाच्या तटावर विष मारलंस," ती म्हणाली. "बाप असता तर तुला त्याच शिडीवरून खाली ढकललं असतं त्यानं. चोरसुद्धा झाड मुळासकट मारत नाही रे."

फोस्कोनं टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. परसातून पट्टीत उतरायला तटात एक जुना चोरदरवाजा होता, माणूस वाकून जाईल एवढा. दुसऱ्या दिवशी फोस्कोनं तो आपल्या बाजूनं दगड रचून बुजवला. आर्जियानं आपल्या बाजूनं वास्कोच्या जुन्या लोखंडी पलंगाची जाळी आडवी लावून तिला कुलूप घातलं. दोन्हीकडून बंद केलेल्या त्या भोकातून मग मांजरही जाईना, आणि बहीणभावांत तर विस्तवही जात नव्हता.

आपली झुडपं मेली म्हणून आर्जिया खारवणं सोडणारी नव्हती. तिच्या हाताच्या केपरला गावात मागणी होती. शेजारची जेलिंदा, त्यापलीकडची घरं, सगळी आपापल्या तुकड्यावरच्या कळ्या पिशव्या भरभरून तिच्याकडे आणून द्यायची. कळ्या मिठात घातल्या की त्यांना पाणी सुटतं, ते काढून टाकायचं, नवं मीठ घालायचं, पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. मीठ आमच्याकडे स्वस्त, टेकडीच्या पायथ्याशीच पिकतं. आर्जियाची आई ते खारं पाणी गल्लीत फरशांमधल्या गवतावर नेऊन टाकायची. आर्जियाला तेवढी पायपीट कशाला हवी? ती पहिल्यापासूनच परसाच्या टोकाला जाऊन तटाच्या माथ्यावरच्या फटीत बादली रिकामी करायची. अंगणात चिखल नाही, डाग नाही, कुणाची कटकट नाही. या सोयीवर ती खूश होती.

त्या वसंतात तटाचा एक मोठा टवका सुटून खाली पडला. नेमका पायवाटेवर. नगरपालिकेनं अलीकडे तटाच्या कडेकडेनं पाहुण्यांसाठी वाट आखली होती, जागोजाग पाट्या ठोकल्या होत्या, आणि बाहेरगावचे लोक हातात काठ्या घेऊन, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन दगडांकडे बघत फिरायचे. कुणाला लागलं नाही, पण बोंब झाली. तटाची देखरेख करणाऱ्या कचेरीतून ओर्नेल्लाबाई नावाच्या अधिकारी बाई चौकशीला आल्या आणि आर्जियानं तोंडी, लेखी, दोन्ही तऱ्हेनं सांगून टाकलं, की हे माझ्या भावाचं काम. केपर मारायला त्यानं मुळांत काहीतरी ओतलं, मुळं कुजली, म्हणून तट ढासळतोय. ओर्नेल्लाबाई म्हणाल्या, तटाच्या पायथ्याशी या आणि जागेवर बोट ठेवून दाखवा. मग पट्टीचा निकाल लावू.

"दाखवते की," आर्जिया म्हणाली.

ठरल्या दिवशी ती मुद्दाम तासभर आधी निघाली. चोरदरवाजा बंद, त्यामुळे पट्टीत जायचं तर आर्को दरवाजातून गावाबाहेर पडून तटाच्या कडेनं पश्चिमेपर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाप गेल्यापासून ती त्या वाटेनं गेली नव्हती. आधी पोचायचं, जागा नीट बघून ठेवायची, म्हणजे बाईंसमोर बोट डगमगायला नको. दारातच जेलिंदा भेटली.

"कुठे गं एवढी, सणाचे बूट घालून?" जेलिंदानं विचारलं.

"भावाचं सामान बांधायला."

"अगं, झाडं बापानं लावलीत. म्हातारपणी कुठे जाईल तो?"

"ते त्यानं पंप पाठीला लावताना बघायला हवं होतं."

"मला विचारशील तर—"

"तुला विचारलं नाही," आर्जिया म्हणाली आणि उतार उतरू लागली.

आर्को दरवाजाच्या कमानीवर तीन मुंडकी आहेत, वाऱ्यापावसानं नाकडोळे झिजून गेलेली. लहानपणी बाप त्यांच्याकडे बोट दाखवून आर्जियाला म्हणायचा, ही तिघं जास्त बोलायची म्हणून असं झालं. तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ईस्टरनंतरच्या सोमवारी तो दोघा पोरांना तटाच्या फेरीला न्यायचा, खिशात उकडलेली अंडी आणि मिठाची पुडी. चिऱ्यावर अंडं फोडायचं, टरफल तिथेच टाकायचं आणि पुढे चालायचं. बाप तटाकडे बघून युद्धाच्या, राजांच्या गोष्टी सांगत नसे. तो सांगायचा, हा तुकडा कुणाच्या कळ्यांचा, तो कुणाचा, इथे कुणाची कुणाशी मारामारी झाली. आर्जियाला तट पाठ होता तो असा, घराघराच्या नावानं.

दरवाजाबाहेर मिलानकडचं एक जोडपं नकाशा पसरून उभं होतं. दोघांचे बूट तिच्या सणाच्या बुटांपेक्षा महाग दिसत होते आणि त्यावरूनच ती त्यांच्यावर उखडली.

"आजी, यातलं एट्रुस्कन कुठलं आणि नंतरचं कुठलं?" बाईनं अगदी नम्रपणे विचारलं.

"मोठे दगड त्यांचे. छोटे दगड नंतरच्या आळशी लोकांचे."

नवरा हसला. "आणि चुना न घालता हे उभं कसं राहिलं इतकी वर्षं?"

"बघायला कुणी येत नव्हतं म्हणून," आर्जिया म्हणाली. "पश्चिमेला जायचंय? मग ती डावीकडची वाट धरा. फार सुंदर आहे."

डावीकडच्या वाटेवर कमरेइतकी खाजकुयली माजली होती. ती दोघं आभार मानून तिकडे वळली आणि आर्जिया उजवीकडून, तटाच्या अंगाअंगानं निघाली. तिचा दिवस बरा सुरू झाला होता.

तटाच्या सावलीत सकाळी थंडावा असतो. एकेक चिरा म्हशीएवढा, एकावर एक नुसता ठेवलेला. कुठे मधेच छोट्या दगडांचं ठिगळ, कुठे पाणी जायची भोकं, कुठे कुणीतरी तटालाच तिसरी भिंत मानून बांधलेलं डुकरांचं खुराडं. आर्जिया चालताना मनातल्या मनात बापासारखी नावं घेत होती. हा पिनेस्कीचा तुकडा. हा तांबटाच्या विधवेचा. आणि चालता चालता तिला एक गोष्ट दिसू लागली, जी बघायला ती आली नव्हती.

सगळीकडे केपर फुललं होतं. ज्या कळ्या कुणाच्या हाताला लागल्या नव्हत्या त्यांची पांढरी फुलं झाली होती, लांब जांभळ्या तंतूंची, आणि ती तटाच्या अंगावर भरभरून लोंबत होती. पिनेस्कीच्या तुकड्यावर केपरबरोबर एक अंजीरही होता, मांडीएवढ्या जाडीची मुळं चिऱ्यांत घुसवून बसलेला. चिरे जागचे हलले नव्हते. मुळं कुजली म्हणून तट ढासळला, असं तिनं लिहून दिलं होतं. इथे तर जिवंत मुळं एवढी माजली होती आणि तट ठणठणीत होता. ती क्षणभर थांबली, मग स्वतःवरच वैतागून पुढे निघाली. अंजीर वेगळा, विष वेगळं, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढे जेलिंदाचा तुकडा आला. जेलिंदाचं घर आर्जियाच्या घराला लागून, आणि त्याच्या खालीही फोस्कोचीच झाडं. पट्टीच ती, दोन घरांखालून गेलेली. ऑलिव्हच्या पानांवर मोरचुदाचा निळसर थर होता, अगदी तटाला टेकलेल्या फांद्यांवरसुद्धा. फोस्को कंजूष माणूस नव्हता, फवारा मारला तर सगळ्या झाडांना मारायचा. आणि वर जेलिंदाचं केपर हिरवंगार होतं. पानांवर निळे थेंब वाळलेले, आणि त्या पानांमधून फुलं वर आलेली.

आर्जियानं जेलिंदाच्या तुकड्याला हात टेकला. मोरचुदानं केपर मरत असतं तर हे आधी मेलं असतं. हे एवढं साधं होतं की तिला स्वतःचा संताप आला, आणि संताप आला की तिच्या पायांत नेहमी बळ येतं. ती उरलेली चार पावलं चालून आपल्या घराखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं मान वर केली.

तट असा खालून तिनं किती वर्षांत पाहिला नव्हता. माथ्यावर तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा दिसत होता. त्या पत्र्याच्या बरोबर खालून, जिथे ती रोज उभी राहते तिथून, पांढरा लोणा, ओल्या भिंतीला सुटतो तसला खरखरीत थर, सुरू झाला होता. वर हातभर, खाली येता येता दारापेक्षा रुंद. त्या पांढऱ्याच्या पट्ट्यात जे जे होतं ते सगळं खलास होतं. केपरची मेलेली खोडं, काळी, वाकडी. चिऱ्यांचे पोपडे सुटलेले. एका चिऱ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात जाईल असा खड्डा, आणि त्याच्या तळाशी पिवळं पीठ साचलेलं. दगडाचं पीठ. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तट तिच्या बापाच्या वेळी होता तसाच होता.

तिनं बोट लावलं. बोटाला आलेलं जिभेवर ठेवलं.

"कसं लागतंय?"

फोस्को तिच्या मागे, एका ऑलिव्हखाली उलट्या टोपलीवर बसला होता. ती आल्यापासून तिथेच असणार. म्हातारा झाला होता, मान बारीक झाली होती, टोपी तीच. इतक्या वर्षांत भाऊ तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"तुला काय करायचंय?" आर्जिया म्हणाली.

"काही नाही. मीही चाखलं होतं. म्हटलं, चव बदलली असेल."

तिला काय वाटलं ते सांगायला हवं, कारण ती कधी सांगणार नाही. आधी लाज वाटली, अंगभर, लहान मुलीला सगळ्यांसमोर ओली चादर दाखवली की वाटते तशी. आपण मारलं. बापाची झुडपं आपण मारली, बापाचा तट आपण खाल्ला, रोज सकाळी, बादली बादली. आणि ती लाज घशाखाली उतरते न उतरते तोच भीती वाटली, की आता बाई येणार. आणि मग भावाच्या तोंडाकडे बघून तिला त्याचा जो राग आला, तो आधीच्या सगळ्या वर्षांचा मिळून आला नसेल.

ओर्नेल्लाबाई वाटेवरून येताना दिसल्या. त्या वेळेवर येणाऱ्या बाई होत्या. दोघांना नमस्कार करून त्या सरळ तटाशी गेल्या, पिशवीतून एक छोटी सुरी काढली, पोपडा खरवडला, वास घेतला, भिंग लावून पाहिलं. त्यांना काही शिकवायची गरज नव्हती.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "साधं खायचं मीठ, पाण्यातून गेलेलं. दगडाच्या आत जाऊन वाळतं आणि आतून फोडतं. हे एका दिवसाचं काम नाही, कुणीतरी वर्षानुवर्षं ओतलंय." मग त्या फोस्कोकडे वळल्या. "नको असलेली मुळं मारायला लोक मीठ वापरतात, हे मी इतर गावांत पाहिलंय. तुमच्या बहिणीनं लिहून दिलं ते असं आहे, की तुम्ही मुळांत काही ओतत होतात. तुमचं काय म्हणणं आहे?"

फोस्को टोपलीवरून उठला नाही. "तक्रार तिची आहे," तो म्हणाला. "तिलाच विचारा."

"सिन्योरा?" ओर्नेल्लाबाई म्हणाल्या.

काही करायचंच नव्हतं. नुसतं बोट दाखवायचं होतं, आणि त्यासाठीच तर ती सणाचे बूट घालून आली होती. वरच्या फटीचं त्या बाईंना ठाऊक नव्हतं. जेलिंदाला बादल्या ठाऊक होत्या, पण दगडाचं तिला कळत नव्हतं. आणि फोस्को बोलणार नव्हता. आर्जिया त्याला पाळण्यापासून ओळखत होती. एकदा तोंड मिटलं की तो पट्टी सोडेल, झाडं सोडेल, पण स्वतःच्या बचावाला शब्द काढणार नाही. गप्प राहिलं की ती जिंकत होती. बूट दुखत होते, ऊन वाढलं होतं, घरी कळ्यांचं पाणी काढायचं होतं. एक बोट, आणि झालं.

तिनं भावाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी असती, भीती असती, तर काय झालं असतं सांगता येत नाही. तिनं कदाचित बोट दाखवलंही असतं. पण फोस्को निवांत बसला होता. बहीण आता खोटं बोलणार याची त्याला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीचा तो आस्वाद घेत होता. त्याच्या डोक्यात तिची किंमत कधीच ठरून गेली होती, आणि आज बहीण स्वतःच ती त्याला मोजून देणार होती.

खरं बोलायला काहींना देवाचा धाक लागतो. आर्जियाला चीड पुरली.

"मीठ माझं आहे," ती म्हणाली. "केपरचं पाणी. वरून मी ओतते, त्या पत्र्याशेजारच्या फटीत. काल संध्याकाळीही ओतलं. यानं काही केलं नाही. जे लिहून दिलं ते खोटं निघालं, ते फाडून टाका."

ओर्नेल्लाबाईंनी भिंग खाली केलं. त्या चिडल्या नाहीत, पण चेहरा उतरला.

"इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? वरून दिसतं थोडंच? खाली उभं राहिल्याशिवाय—"

आणि आर्जिया बोलता बोलता थांबली. ती सावकाश भावाकडे वळली.

"तू कधी चाखलंस म्हणालास?"

फोस्कोनं पहिल्यांदाच नजर बाजूला घेतली. "पुढच्याच उन्हाळ्यात."

"कुठल्या?"

"चर्चच्या पायऱ्यांनंतरच्या. वरून पाणी पडलं माझ्या टोपीवर. वर पाहिलं तर तुझी बादली."

"आणि बोलला नाहीस."

"तू विचारलं होतंस?" तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला. "सगळ्या गावासमोर मला चोराच्या खाली बसवलंस. पाववाल्याची बायको वर्षभर माझ्या हातात सुटे पैसे ठेवत नव्हती, टेबलावर ठेवायची. मी का सांगावं? म्हटलं, उतरेल एक दिवस. स्वतःच्या पायांनी येईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, स्वतःच्या जिभेनं चाखेल. तोवर मी बसेन."

"बसलास."

"बसलो."

"तेव्हा एवढासा असेल लोणा."

"हाताएवढा."

"तेव्हा एक हाक मारली असतीस वर, तर इथला अर्धा तट वाचला असता. तो चिरा वाचला असता. हाक नको, दगड फेकायचास खुराड्यावर. चिठ्ठी नको, निरोप नको, जेलिंदाच्या कानात नुसतं पुटपुटला असतास तरी संध्याकाळपर्यंत ते माझ्यापर्यंत आलं असतं."

फोस्को टोपीची कड चाचपू लागला.

"मला दिसत नव्हतं रे," आर्जिया म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि तिला ओळखणाऱ्यांना यातच खरी धास्ती वाटली असती. "मी मूर्ख, मी आळशी, माझी जीभ सडकी, सगळं कबूल. पण मी आंधळेपणी ओतत होते. तू रोज इथे टोपली पालथी घालून बसायचास आणि बापाचा तट विरघळताना बघायचास. कशासाठी, तर एक दिवस मी चुकले म्हणायला."

ओर्नेल्लाबाईंना अशा प्रसंगांची सवय नसावी. त्यांनी घसा साफ केला आणि कामाचं बोलल्या. वरचे थर पावसाळ्याच्या आत उतरवून घ्यावे लागतील, नाहीतर अख्खा भाग खाली येईल. त्याआधी लाकडी टेकू लावायचे. टेकू लावायचे तर पायथ्याशी जागा मोकळी हवी, म्हणजे तटाजवळची ऑलिव्हची झाडं काढावी लागणार. परसाचं टोकही जाळी लावून बंद होईल. पट्टी कुणी काढून घेणार नाही, पण तिच्यात उरेल ते थोडंच.

"कुठली झाडं?" फोस्कोनं विचारलं.

बाईंनी हातानं दाखवलं. तो ज्या झाडाखाली बसला होता ते त्यात होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची. बापानं लावलेल्यांतली बहुतेक सगळी. फोस्को आता उठला. त्यानं एका खोडावर हात ठेवला आणि तो हात तिथून काढायचं त्याला सुचेना.

"बाबा असते," तो म्हणाला, "तर त्यांनी तुझी बादली तुझ्याच डोक्यावर उपडी केली असती."

"केली असती," आर्जिया म्हणाली. "मी मुकाट्यानं उभी राहिले असते. आणि मग बापानं तुझ्याकडे वळून विचारलं असतं, की तू कुठे होतास. काय सांगितलं असतंस?"

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, खरोखरच वाट बघत, टोमणा म्हणून नव्हे. ओर्नेल्लाबाईही थांबल्या. फोस्कोचा हात अजून खोडावरच होता. इतकी वर्षं त्यानं एकच वाक्य जपून ठेवलं होतं, 'तूच केलंस', आणि ते बहीण त्याच्या आधीच बोलून मोकळी झाली होती. दुसरं काही त्यानं ठेवलंच नव्हतं.